तेव्हा सगळेच गरीब होते म्हणे! (यशवंतराव चव्हाणांविषयी)

कोपरखैरणेकर | १२ मार्च, रात्री ११:१०

आज यशवंतराव चव्हाणांची जयंती. आमची सगळी वस्ती पाटण-कराडकडची, माथाडींची, त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसात दरवर्षी फोटो, हार, चहा-बिस्कीट होतं. भाषण करायची पाळी या वेळी माझी होती. मी नेहमीचं सुरू केलं, गरीब घरात जन्म, वडील लहानपणी वारले, कष्ट करून शिकले, देशाचे उपपंतप्रधान झाले. तेवढ्यात आमच्या मजल्यावरचे रिटायर्ड बँकवाले काका बोलले, "अरे, गरिबी गरिबी काय लावलंय? तेव्हा सगळेच गरीब होते की!"

सगळे हसले. मीही हसलो आणि भाषण आवरतं घेतलं.

घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. काकांचं चुकलं काय? १९१३ साली सातारा जिल्ह्यात शेतकऱ्याच्या नाहीतर कारकुनाच्या घरी जन्मलेलं कोणतं पोर श्रीमंत होतं? गरिबीतून वर येणं हाच गुण असेल तर तसे हजारो आले. मग आपण फोटो यांचाच का लावतो?

म्हणून 'कृष्णाकाठ' पुन्हा काढलं. त्यांचं आत्मचरित्र, १९८४ चं. पहिला भागच लिहून झाला, पुढचे राहून गेले, त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ते दिल्लीत वारले. त्यातलं थोडं सांगतो.

जन्म देवराष्ट्रे इथे, आजोळी. गाव आता सांगली जिल्ह्यात येतं. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ. बेलिफ म्हणजे समन्स बजावणारा, जप्तीची नोटीस घेऊन दारात जाणारा माणूस. पगार बेताचा, पण सरकारी. प्लेगने ते गेले तेव्हा यशवंता चार-पाच वर्षांचा. मागे विठाई आणि पोरं. अक्षरओळख नसलेली बाई. पुढे थोरला भाऊ ज्ञानोबा कोर्टातच नोकरीला लागला आणि घर सावरलं. धीर देणारी एक ओवी विठाई म्हणायच्या, चंद्र-सूर्यावरही ढग येतात आणि निघून जातात, अशा अर्थाची.

माझ्या मते गोष्ट इथून सुरू होते. कारण या घरात एकाने शाळा सोडल्याशिवाय दुसऱ्याला शिकता येत नव्हतं. थोरल्याची नोकरी ही धाकट्याची फी होती. हे यशवंतराव विसरले नाहीत असं मला वाटतं, आणि का वाटतं ते खाली लिहितो. झोप आली तर उद्या.

---

कृष्णाकाठची_सून | १२ मार्च, रात्री ११:४२

झोपू नका, लिहा! माझं माहेर ठाण्याचं, सासर कराडचं. लग्न होऊन गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी प्रीतिसंगमावर नेलं. कृष्णा आणि कोयना तिथे अगदी समोरासमोर येऊन मिळतात, आणि तिथेच त्यांची समाधी. मला नवल वाटलं ते वेणूताईंच्या स्मारकाचं. आत यशवंतरावांची पुस्तकं आहेत. राजकारण्याच्या घरात एवढी पुस्तकं! आमच्या सासऱ्यांचं म्हणणं, "तो आधी वाचणारा माणूस, मग पुढारी."

---

तर्कटराव | १३ मार्च, सकाळी ७:०५

सकाळी सकाळी विरजण घालतो. काका बरोबर आहेत.

गरिबीचं भांडवल करण्यात आपले पुढारी पटाईत. आणि हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' छापाचा मजकूर आता पुरे. २१ नोव्हेंबर १९६२ ला यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. सह्याद्री पोहोचेपर्यंत लढाई संपली होती.

आणि फलटणचं वाक्य विसरायचं का? संयुक्त महाराष्ट्र की नेहरू अशी वेळ आली तर मी नेहरूंच्या बाजूने, असं म्हणणारे हेच. इकडे माणसं गोळ्या खात होती. १०५ हुतात्मे झाले. मग १ मे १९६० ला मंगल कलश आणायला पुढे!

---

ठाणेकर_काका | १३ मार्च, सकाळी ८:३०

तर्कटराव, १९५७ साली मी नऊ वर्षांचा होतो, नौपाड्यात राहायचो. वडील संयुक्त महाराष्ट्र समितीवाले, कट्टर. आमच्या घरात यशवंतरावांचं नाव घ्यायची चोरी होती. नोव्हेंबरात प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू येणार म्हणून समितीने काळी निशाणं घेऊन मोर्चा नेला, त्यात वडील होते. परत आले ते घसा बसवून. तेव्हा फलटणच्या वाक्याचा राग मला शिकवू नका, तो मी दुधाबरोबर प्यायलोय.

पण त्याच वडिलांचं एक निरीक्षण सांगतो. ते म्हणायचे, एवढा मोठा मोर्चा वाटेत दंगा न होता गेला आणि आला, तो आमच्या शिस्तीमुळे, आणि थोडा त्या माणसाच्या डोक्यामुळेही. पोलिसांना हात आखडता घ्यायला सांगणारा मुख्यमंत्री आम्ही त्याआधी पाहिला नव्हता. याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसची पश्चिम महाराष्ट्रात धूळधाण झाली होती. खुद्द यशवंतराव कराडातून थोडक्या मतांनी वाचले. दुसरा असता तर चिडून दंडुका काढला असता. याने विरोधकांशी बोलणं सोडलं नाही आणि मराठी-गुजराती असं एकत्र द्वैभाषिक राज्य चालत नाही हे दिल्लीच्या गळी उतरवलं. राज्य लढून मिळालं हे खरंच. पण लढणाऱ्यांचं म्हणणं आत जाऊन सांगणारा कोणी तरी लागतो.

वडिलांनी त्यांना मत मात्र कधी दिलं नाही. (ठाण्यात राहून देणार तरी कसं म्हणा.)

---

कोपरखैरणेकर | १३ मार्च, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर्कटराव, गरिबीचं भांडवल हा मुद्दा मान्य. पण यशवंतरावांच्या तोंडी तो फार सापडत नाही. 'कृष्णाकाठ'मध्ये घरच्या हालांपेक्षा जास्त पानं दुसऱ्याच गोष्टींना आहेत. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवस उपाशी राहून १९२९ साली गेले, त्या उपोषणाच्या बातम्या कराडातला हा पोरगा रोज वाचायचा आणि शेवटी ढसाढसा रडला. पंजाबातल्या तुरुंगात एक बंगाली मरतो आणि कृष्णाकाठी कोर्टातल्या बेलिफाचं पोर रडतं. मला यात गरिबीपेक्षा मोठं काही तरी दिसतं.

मग २६ जानेवारी १९३२. टिळक हायस्कूलच्या आवारात तिरंगा लावला, अठरा महिने सक्तमजुरी. वय वर्षं अठरा. विठाई भेटायला गेल्या तेव्हा माफी मागितली तर मुलगा सुटेल असं त्यांच्या कानावर घातलं गेलं. अडाणी, विधवा, घर कसंबसं चाललेलं. त्यांनी माफीला साफ नकार दिला आणि पोराला सांगितलं, तब्येतीला जप. मी हे वाचतो तेव्हा मला माझी आजी दिसते. तिनेही असंच केलं असतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. ती म्हणाली असती, माग बाबा माफी आणि घरी चल.

तुरुंगात आचार्य भागवतांसारखी माणसं भेटली, वाचन वाढलं. सुटून आल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, १९३८ ला बी.ए., पुण्याला वकिली. लग्न २ जून १९४२ ला आणि दोन महिन्यांत 'चले जाव'. नवरा भूमिगत. नव्या नवरीला पोलिसांनी धरून नेलं, लग्नानंतरची पहिली संक्रांत वेणूताईंनी तुरुंगात काढली.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. ईबीसी.

मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी जी फी-माफी आणली तिला आपल्याकडे सगळे ईबीसीच (आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची सवलत) म्हणतात. वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर पोराची फी माफ. जात विचारायची नाही, हुशारी विचारायची नाही, पास झालास ना, बस. तलाठ्याचा दाखला आण आणि वर्गात बस. थोरल्याने शाळा सोडली तर धाकटा शिकेल, हे गणित त्या फॉर्मने मोडलं. माझे आबा, म्हणजे वडील, आणि माझे चुलते दोघेही एकाच वेळी हायस्कुलात होते ते त्याच्यामुळे.

---

तर्कटराव | १३ मार्च, दुपारी १:५५

आणि तुमचे आबा झाले काय? तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं, माथाडी. फी माफ करून हमालच घडवले मग.

---

कृष्णाकाठची_सून | १३ मार्च, दुपारी २:०३

तर्कटराव, हे शोभत नाही.

---

कोपरखैरणेकर | १३ मार्च, दुपारी २:३०

असू द्या ताई, प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो.

हो, आबा अकरावी नापास झाले. इंग्रजी आणि गणित. मग मस्जिद बंदरला कांद्याच्या गोणी उचलल्या, १९८१ ला बाजार वाशीला आला तेव्हा टोळीबरोबर इकडे. पण टोळीत वाराईचा, म्हणजे गोणी चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा, हिशेब आबा लिहायचे. आधी मुकादम सांगेल तो आकडा. आबा आल्यावर ज्याच्या पाठीवरून जेवढ्या गोणी, तेवढे पैसे. अण्णासाहेब पाटलांची युनियन, १९६९ चा माथाडी कायदा, हे सगळं खरंच, पण कायदा झाला तरी वहीत बरोबर आकडा लिहिणारा कोणी तरी टोळीत लागतोच. नापास झालेली अकरावी तिथे कामाला आली.

आणि चुलते मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. ते मुद्दाम शेवटी लिहिलं, नाहीतर तुम्ही म्हणाल यशकथा सांगतोय.

---

घणसोलीचा_आगरी | १३ मार्च, संध्याकाळी ७:१५

सगळा वाचला. चांगला लिवलंय. पण आमची बाजू कोणी लिहिणार का नाय?

१ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी निघाली, सुरुवात तुमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेटीतून. मंग ती पट्टी ठाणे-बेलापूर रस्त्यानं खाली सरकत आमच्या दारात आली. शेत गेलं, खाजण गेलं, मिठागरं गेली. माझा आजा सांगायचा, नोटीस आली तवा वाचायला गावात एक मास्तर होता. पुढं १९७० ला सिडको आली, उरलासुरला बी गेला. तवा चव्हाणसाहेब दिल्लीत होते, मुख्यमंत्री वसंतराव नाईक, ते मला ठाऊक हाय. पण कारखाने आणायचा धोरण कोणाचा? त्याच्या फोटोला हार घालताना एवढा तरी ध्यानात असू द्या का ज्याचा घर उभा राहिला त्याच्या खाली कोणाचा तरी शेत व्हता. १९८४ ला जासईला गोळ्या खाल्ल्या तवा कुठं घेतलेल्या जमिनीतला साडेबारा टक्के वाटा विकसित करून परत मिळायची वाट निघाली. आमचे पुढारी दि. बा. पाटील. ते बी मास्तराच्या घरातले, गरिबीतूनच आलेले.

राग नाय. आमच्या पोरांनी बी ईबीसीचा फॉर्म भरला, ता बी खरा.

---

ठाणेकर_काका | १३ मार्च, रात्री ८:४०

आगरीदादा, रास्त बोललात. वागळे इस्टेटमध्ये मी ३१ वर्षं नोकरी केली, जमीन कोणाची होती हे एकदाही मनात आलं नाही.

---

शिवसागरतळी | १३ मार्च, रात्री ९:३०

आगरीदादांच्या सुरात सूर. माझं आयडीच सांगतं. आमचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. आजोबांना ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली, कागदावर. ती कसायला जाईपर्यंत दोन पिढ्या गेल्या. पोफळीला वीज तयार होते, ती मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांना मिळते, आणि आम्ही त्याच कारखान्यांत हेल्पर म्हणून लागलो. वीज आमच्या आधी इथे पोहोचली असं आमच्याकडे म्हणतात.

कऱ्हाडचा माणूस मुख्यमंत्री होता आणि कऱ्हाडच्या वरच्या अंगाची गावं बुडाली, हेही त्यांच्या चरित्रात लिहायला हवं. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. पुनर्वसनाचं ईबीसीसारखं सोपं, एका दाखल्यावर होणारं काम त्यांना का जमलं नाही, एवढंच विचारतो.

---

कोपरखैरणेकर | १३ मार्च, रात्री १०:०५

याला माझ्याकडे उत्तर नाही. आमचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला म्हणून वाचलं.

---

नीलपाखरू | १४ मार्च, सकाळी ९:५०

एक बाजू कोणीच लिहिली नाही, म्हणून मी. आमचं घर बौद्ध, आजोबा फलटण भागातले, आता आम्ही कळव्यात.

१९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा यशवंतरावांच्या काळातला. महार वतन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं करायची सक्ती, त्यात गेलं. बाबासाहेब १९२८ पासून ते मोडा म्हणून सांगत होते. आजोबा म्हणायचे, वतन गेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाटलाच्या हाकेला ओ दिली नाही. दुसरं, धर्मांतरानंतर सवलती बंद झाल्या होत्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्याच्या सवलती नवबौद्धांना चालू केल्या. केंद्राला तेच करायला १९९० उजाडलं. तीस वर्षं! मधल्या तीस वर्षांत आमच्या घरातले तिघे शिकले.

हे उपकार म्हणून सांगत नाही, हक्कच होता. पण हक्क असून न देणारेही पाहिलेत. पत्रकार माडखोलकरांनी यशवंतरावांना विचारलं होतं ना, हे राज्य मराठी की मराठा? 'मराठी' हे उत्तर त्यांनी दिलं. तोंडी उत्तर कोणीही देईल. हे दोन निर्णय मला त्या उत्तरापेक्षा खरे वाटतात. पुढे काय झालं त्यावर वेगळा धागा निघेल, आणि तो लवकर बंदही पडेल. :)

---

तर्कटराव | १४ मार्च, सकाळी १०:३०

नीलपाखरू, वतनाचं माहीत नव्हतं. हा प्रतिसाद आवडला.

पण दिल्लीतले यशवंतराव? आणीबाणीत मंत्रिमंडळात गप्प. १९७७ ला विरोधी पक्षनेते, १९७९ ला चरणसिंगांचे उपपंतप्रधान, १९८१ ला पुन्हा इंदिराबाईंच्या पक्षात. कुंपणावर बसायचं किती?

---

ठाणेकर_काका | १४ मार्च, सकाळी ११:१५

आणीबाणीबद्दल काही बचाव नाही. परराष्ट्रमंत्री होते, बोलायला हवं होतं, बोलले नाहीत. शेवटची चार-पाच वर्षं बघवत नव्हती. पक्षात परत गेले तर आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद दिलं, म्हणजे मोठ्या वाड्यातली मागची खोली. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या, त्यानंतर माणूस खचलाच.

पण 'सह्याद्री पोहोचेपर्यंत लढाई संपली' हे मात्र अर्धवट. १ सप्टेंबर १९६५ आठवा. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, एअर मार्शल अर्जन सिंग विमानं सोडायची परवानगी मागायला आले. चव्हाणांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. १९६२ ला विमानदळ लढाईत वापरलंच नव्हतं, हे लक्षात घेतलं तर त्या एका होकाराचं वजन कळेल. कुंपणावर बसणारा फाइल फिरवत बसला असता.

अवांतर: पुढे गृहमंत्री झाल्यावर संस्थानिकांचे तनखे बंद करायची बोलणी यांच्याकडेच होती. घटनादुरुस्ती होऊन ते बंद झाले १९७१ ला. बाप बेलिफ, कुळांच्या दारात जप्तीची नोटीस घेऊन जाणारा. मुलगा ती नोटीस घेऊन राजेमहाराजांच्या दारात गेला. मला या माणसाच्या चरित्रातली ही सगळ्यात आवडती गंमत वाटते.

---

घणसोलीचा_आगरी | १४ मार्च, सकाळी ११:२२

काका, ह्यो जबरी!

---

संपादक | १४ मार्च, दुपारी १२:००

यशवंतरावांच्या बँक खात्यात किती रुपये होते याचे व्हॉट्सअॅपवरचे मजकूर टाकणारे तीन प्रतिसाद काढले आहेत. दरवर्षी आकडा बदलतो. धागा चांगला चाललाय, तसाच चालू द्या.

---

कोपरखैरणेकर | १४ मार्च, रात्री ९:४५

आज आबांना सगळा धागा वाचून दाखवला. आगरीदादांच्या आणि शिवसागरतळींच्या प्रतिसादाला मान हलवत होते. तर्कटरावांचं 'हमालच घडवले' आलं तेव्हा खो खो हसले, म्हणाले, "पोरगं खोटं नाय बोलत."

मग मी काकांचं वाक्य सांगितलं, तेव्हा सगळेच गरीब होते. आबा जरा वेळ गप्प बसले आणि १९६२ चा किस्सा सांगितला. माझ्या आजोबांना घेऊन ते दाखल्यासाठी तलाठ्याकडे गेले. तलाठ्याने विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती? आजोबांना प्रश्नच कळेना. भात किती पोती ते सांगितलं, दीड म्हैस सांगितली (अर्धी वाट्याची), मजुरीला किती दिवस जातो ते सांगितलं. रुपयांत कधी कोणी मोजलंच नव्हतं. तलाठ्यानेच बोटं मोडून आकडा काढला, १२०० च्या पुष्कळ खाली. आजोबांचा चेहरा पडला. वाटेत म्हणाले, "एवढंच हाय व्हय आपलं?"

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी फॉर्म गोळा केले. आबांना वाटत होतं आपलाच असेल, म्हणून घडी करून पुस्तकात लपवला होता. वर्गात बेचाळीस पोरं. फॉर्म आले एकोणचाळीस.

"मंग कशाची लाज," आबा म्हणाले. "तुझ्या त्या बँकवाल्याला सांग, बरोबर बोलतोय तो. सगळेच गरीब होतो. म्हणून तर सगळ्यांची फी माफ केली."

बँकवाले काका मघाशी लिफ्टमध्ये भेटले. त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ईबीसी? माझीही होती की, सावंतवाडीला." आणि त्यांचा मजला आला.

'कृष्णाकाठ' त्यांना वाचायला दिलंय. नीलपाखरू, तुमचा वतनाचा मुद्दा पुढच्या वर्षीच्या भाषणात घेतो, चालेल ना?

---

नीलपाखरू | १४ मार्च, रात्री १०:१०

चालेल. धरणाचा आणि घणसोलीचाही घ्या.

---

कृष्णाकाठची_सून | १४ मार्च, रात्री १०:३२

आम्ही शनिवारी पहाटे पाचला ठाण्याहून कराडला निघतोय. गाडीत दोन जागा आहेत. संगमावर जाऊ, स्मारकातली पुस्तकं बघू, संध्याकाळी परत. शिवसागरतळी, तुम्हाला यायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तर्कटराव, तुम्हीही. सासूबाई वादाला पक्क्या आहेत.

---

तर्कटराव | १४ मार्च, रात्री १०:४०

पहाटे पाच? साडेपाच करा, येतो.